'गडगडाट'मधला नववा माणूस

पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला स्टुलावर चढू देऊ नये. तो नुसता पडला तर परवडतं, पण तो कपाटावरून काहीतरी खाली काढतो आणि मग सगळ्या घराला ते निस्तरावं लागतं. आपले उस्ताद एका रविवारी सकाळी असेच स्टुलावर चढले. दोन सुटकेसा, एक मोडका टेबलफॅन आणि मुलीच्या शाळेतला पृथ्वीचा गोल त्यांनी बाजूला सारला आणि त्यामागून गिटार ओढून काढली. गिटारीबरोबर बरीच वर्षांची धूळही खाली आली आणि ती बायकोच्या नुकत्याच धुतलेल्या केसांवर बसली.

"अहो, हे काय आता?"

"तिसावं वर्ष आहे," उस्ताद स्टुलावरूनच म्हणाले.

"कशाचं? आपल्या लग्नाला सत्तावीस झाली."

"'गडगडाट'चं."

बायकोने केस झटकले आणि ती पुन्हा न्हाणीघरात गेली. दाराची कडी तिने जरा जोरातच लावली.

'गडगडाट' हा बँड होता. आता तो कोणाला आठवत नाही, हा काळाचा दोष आहे असं उस्ताद मानत. कॉलेजात असताना चौघांनी तो काढला, एक कॅसेट काढली आणि मग चौघांना नोकऱ्या लागल्या. कॅसेटवर चार गाणी होती. मागच्या बाजूलाही तीच चार होती, कारण पाचवं कोणाला सुचलं नव्हतं. सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'भिंती पाडा'. गाजलेलं म्हणजे एकदा रेडिओवर लागलं होतं, तेही दुसरी कॅसेट सापडेना म्हणून. त्या भिंती पाडायला निघालेले उस्ताद आज पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचे मुख्य कारकून होते आणि घरात खिळा ठोकायचा झाला तर सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारत. 'उस्ताद' हे नाव मित्रांनी त्यांना थट्टेने दिलं होतं. ही थट्टा आहे, एवढी एकच गोष्ट त्यांना तीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

'भिंती पाडा'च्या मध्यावर वीस सेकंदांचा गिटारचा तुकडा होता. तो उस्तादांचा स्वतःचा. तुकडा खरंच चांगला होता, हे त्यांचा अपमान करायला बसलेल्या माणसालाही कबूल करावं लागेल. मात्र त्यात शेवटाकडे एक सूर असा काही भलतीकडे जायचा की ऐकणाऱ्याचा घास अडकावा. "तो मुद्दाम घेतलाय," उस्ताद सांगत. "बंड आहे ते. नियम मोडायला छाती लागते." हे त्यांनी बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं, मुलीला ती पाळण्यात असताना सांगितलं होतं आणि कार्यालयात तर पाणी न आल्याची तक्रार घेऊन आलेल्या लोकांनासुद्धा सांगितलं होतं.

बाकीच्या तिघांना फोन गेले. गायक आता औषधांचं दुकान चालवत होता. ड्रम वाजवणारा ढोल्या बँकेत मॅनेजर होता आणि नावाला पूर्वीपेक्षा जास्त शोभत होता. कीबोर्डवाले प्रोफेसर रसायनशास्त्र शिकवत. तिघेही पहिल्या रिंगला हो म्हणाले. तीस वर्षांत तिघांसाठी कोणी टाळी वाजवली नव्हती, तेव्हा ते नाही कशाला म्हणतील?

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी होती. तिलाही फोन गेला.

"बाबा, खरंच? मी दोन दिवसांची रजा टाकते. पण तुम्हीच वाजवणार ना? की कॅसेट लावून उभे राहणार?"

"मीच! तो तुकडा जगात दुसऱ्या कोणाला येतच नाही."

"मी कधी ऐकलंच नाहीये तुम्हाला वाजवताना. लहानपणी मला वाटायचं, आई-बाबांनी मिळून मारलेली थाप आहे."

हे ती हसत म्हणाली. पण फोन ठेवल्यावर उस्ताद बराच वेळ गिटार पुसत बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या काय, न वाजवल्या काय, मुलीने एकदा ते वीस सेकंद आपल्या हातून ऐकावेत, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात तेवढीच एक इच्छा अशी होती की जिची थट्टा करू नये. बाकीची करायला हरकत नाही.

पहिल्याच दिवशी डाव्या हाताची अनामिका अडकली. वाकली ती वाकलीच. दुसऱ्या हाताने ओढल्यावर टक् करून सुटली, आणि पुढच्या सुराला पुन्हा अडकली. ही बातमी संध्याकाळपर्यंत इमारतभर झाली, कारण उस्ताद "आई गं" फार मोठ्याने म्हणत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गरम पाण्यात मीठ टाकून हात बुडवायला सांगितलं. समोरच्या निवृत्त इंजिनिअरांनी रबरी चेंडू दिला आणि तो दिवसातून चारशे वेळा दाबायला सांगितला. उस्तादांनी तो तीनशे बारा वेळा दाबला, मग दुसरं बोटही अडकलं. शेवटी तळमजल्यावरचे दंतवैद्य आले. त्यांना गुडघ्यापासून शेअरबाजारापर्यंत सगळ्यातलं कळायचं. दातांतलं किती कळायचं, याबद्दल दुमत होतं.

"बोटाचा नाद सोडा," दंतवैद्य म्हणाले. "मागे माणूस ठेवा."

"मागे म्हणजे?"

"अहो, मोठमोठे रॉक बँड काय करतात? म्हातारे झाले की पुढे हे उभे, काळे चष्मे घालून. मागे अंधारात कामाची माणसं. आधी एक येतो, नुसता आधाराला. मग दुसरा. मग पुढच्यांनी फक्त केस उडवायचे. तुम्हाला तर तोही त्रास नाही," असं म्हणून त्यांनी उस्तादांच्या डोक्याकडे पाहिलं.

उस्तादांचा स्वाभिमान दुखावला. तो नेहमीप्रमाणे दोन दिवस दुखत राहिला आणि तिसऱ्या दिवशी ते एका हॉटेलात जाऊन तिथे लॉबीत रोज संध्याकाळी गिटार वाजवणाऱ्या माणसाला भेटले. हा चाळिशीचा, बारीक आवाजाचा, फार सज्जन माणूस होता. आठ वर्षं लोक त्याच्यासमोर खोलीच्या चाव्या मागत होते आणि तो वाजवत होता. आपलं वाजवणं कोणी ऐकावं अशी त्याची अपेक्षाच उरली नव्हती, म्हणजे या कामाला याहून लायक माणूस मिळणं कठीण. त्याने कॅसेट घरी नेली आणि दोन दिवसांनी परत आणली.

"साहेब, छान आहे तुकडा. फक्त शेवटी एक सूर चुकलाय. तो नीट करून वाजवू का?"

"चुकलेला नाही तो!" उस्ताद कडाडले. "घेतलेला आहे!"

"बरं, बरं," लॉबीवाला म्हणाला. "तसाच वाजवतो. चुकीचं वाजवायला सराव जरा जास्त लागेल, एवढंच."

या लॉबीवाल्याला तालमीला कसा न्यायचा, हा प्रश्न होता. मित्र काय म्हणतील? उस्तादांनी "हा माझा शिष्य, नुसता ऐकायला आलाय" असं वाक्य तोंडपाठ केलं. तालीम ढोल्याच्या गच्चीवर होती. उस्ताद शिष्याला घेऊन वर पोचले तर तिथे तिघांऐवजी आधीच सहाजण हजर. ढोल्याबरोबर व्यायामशाळेत महिलांच्या वर्गाला ताल धरून देणारा एक धिप्पाड गृहस्थ होता, "लांबचा भाऊ, सहज आलाय." प्रोफेसरांबरोबर वाद्यांच्या दुकानातला विक्रेता होता. नव्या कीबोर्डला एकशे चाळीस बटणं होती आणि त्यातलं चालू करायचं कोणतं, हे फक्त विक्रेत्याला ठाऊक होतं. गायकाबरोबर बालवाडीत गाणी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. तीस वर्षांपूर्वी गायकाचा आवाज जिथे पोचायचा, तिथे आता गावात त्या एकट्याच पोचत होत्या.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौघांनी एकमेकांच्या लांबच्या भावांकडे पाहिलं. मग कोणीच काही बोललं नाही आणि चहा मागवला गेला. इतकी निर्लज्ज समजूत फक्त जुन्या मित्रांतच होऊ शकते.

आता मागचे चौघे वाजवणार आणि पुढचे चौघे वाजवल्यासारखं करणार, असं ठरलं. हे बोलायला सोपं आहे. पण न वाजवता वाजवल्यासारखं करणं हे वाजवण्यापेक्षा अवघड असतं, हे कळायला त्यांना एक तालीम लागली. गाणं संपलं तरी ढोल्या हाणतच राहायचा. प्रोफेसर चष्मा पुसायला दोन्ही हात उचलायचे आणि कीबोर्ड आपला वाजतोच आहे. बालवाडीच्या बाई वरचा सूर लावायच्या तेव्हा गायकाचं तोंड मिटलेलं असायचं, आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या की ते उघडायचं. शेवटी ढोल्याची मेहुणी आली. ती शाळेत पी.टी. शिकवायची. विंगेत उभी राहून लाल झेंडी दाखवली की थांबायचं, हिरवी दाखवली की हलायचं, आणि कोणी चुकला तर त्याचा नंबर पुकारायचा, अशी तिने शिस्त बसवली. एकूण माणसं झाली नऊ. त्यातली कामाची पाच.

आता सभागृह. त्याचा अर्ज बोट अडकण्याआधीच भरून झाला होता. सभागृहाच्या अर्जात कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता: शास्त्रीय, सुगम, नाटक, व्याख्यान, इतर. रॉक संगीत कुठेच बसेना म्हणून उस्तादांनी 'इतर'वर खूण केली. 'इतर'मध्ये जादूचे प्रयोग आणि आगीचे खेळ येत, त्यामुळे अग्निशमन खात्याचा दाखला आणणं आलं. तिथल्या अधिकाऱ्याने गाण्यांची यादी वाचली आणि 'भिंती पाडा'पाशी बोट ठेवलं.

"कुठल्या भिंती?"

"साहेब, ते समाजाला उद्देशून आहे."

"असेल. पण सभागृहाच्या नाहीत ना? तसं लिहून द्या."

स्वतः तीस वर्षं लोकांकडून तीन-तीन प्रतींत तक्रारी लिहून घेणाऱ्या उस्तादांनी तीन प्रतींत लिहून दिलं की कार्यक्रमात कोणतीही भिंत पाडली जाणार नाही. बंडखोर संगीताच्या इतिहासात अशी हमी आधी कोणी दिल्याचं ऐकिवात नाही. अर्जात खाली आणखी एक रकाना होता, 'मंचावरील एकूण व्यक्ती, कमाल आठ'. मंचाच्या फळ्या जुन्या होत्या आणि दुरुस्ती होईपर्यंत आठच्या वर माणूस नको असं सभागृहाच्या इंजिनिअरांनी बजावलं होतं. उस्तादांनी तिथे मोठ्या अक्षरात 'चार' लिहिलं होतं. तेव्हा मागच्या माणसांचा विचार झाला नव्हता, आणि पुढे तो रकाना सगळेच विसरले.

विसरला नाही तो सभागृहाचा व्यवस्थापक. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, सगळे वाद्यं लावून उभे असताना तो अर्ज घेऊन मंचावर आला. चष्मा पुढे ओढून त्याने बोटाने माणसं मोजली. मग मागचा काळा पडदा बाजूला करून तिथली मोजली. मग विंगेतली झेंडीवाली मोजली.

"नऊ."

"मागचे दिसत नाहीत हो," गायक म्हणाला.

"फळ्यांना दिसणं काय करायचंय? वजन तर पडतं ना? आठ म्हणजे आठ. एक जण उतरा."

झेंडीवालीने उतरावं असं ढोल्याने सुचवलं. "खुशाल," ती म्हणाली. "मग भाओजी, थांबायचं कधी ते तुमचं तुम्ही बघा." ढोल्याने सूचना मागे घेतली. मागच्या चौघांचा प्रश्नच नव्हता, कारण ते गेले तर काय उरेल हे सगळ्यांना माहीत होतं. राहिले पुढचे चौघे. त्यांत संस्थापक कोण, पहिलं गाणं कोणाचं, नाव कोणी ठेवलं, यावर जो वाद झाला तो तीस वर्षं आंबवून ठेवलेला होता. घाम येईपर्यंत झाला. शेवटी व्यवस्थापकाने घड्याळ पाहिलं.

"हे बघा, मला गाण्यातलं कळत नाही. पण हिशेब सोपा आहे. वाजवा. मी सांगेन तसं एकेकाने थांबायचं. जो थांबल्यावर फरक पडणार नाही, तो खाली."

'भिंती पाडा' सुरू झालं. ढोल्या थांबला, फरक पडला नाही. प्रोफेसर थांबले, फरक पडला नाही, उलट त्यांना बरं वाटलं. गायक तोंड मिटून उभा राहिला आणि गाणं आपलं चालू राहिलं. व्यवस्थापक डोकं खाजवू लागला. मग त्याने उस्तादांना खूण केली.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. पुढची वाद्यं आणि गायकाचा माईक सगळं विजेवरचं होतं, ढोल्याचे ड्रमसुद्धा, आणि त्या सगळ्याच्या वायरी काढून ठेवायच्या असं ठरलं होतं. तीन वायरी काढलेल्या होत्या. उस्तादांनी आपली काढली नव्हती. वायर त्यांनी बुटाखालून, सतरंजीखालून गुपचूप नेऊन जोडली होती, आवाज बारीक ठेवून. मुलगी सकाळच्या गाडीने आली होती, आणि तो तुकडा तिने दुसऱ्याच्या हातून ऐकावा हे त्यांना जमणार नव्हतं. एवढी अडकलेली बोटं, पण ते खरंच वाजवत होते.

उस्ताद थांबले. आणि एकदम, खिडकीची काच पुसावी तसं गाणं स्वच्छ झालं.

"वा!" व्यवस्थापक म्हणाला. "फरक पडला की! मघापासून काहीतरी कुरकुरत होतं, ते गेलं."

 उस्तादांनी गिटारीचा पट्टा गळ्यातून काढला. तो चष्म्यात अडकला, तो सोडवायला लॉबीवाला पुढे आला आणि "साहेब, मी उतरतो ना," असं पुटपुटला. उस्तादांनी नुसती मान हलवली. ते खाली उतरले तेव्हा मंचाची एक फळी कुरकुरली.

त्यांची जागा रिकामी दिसू नये म्हणून गायकाने एक युक्ती काढली. औषधांच्या दुकानात बसून माणसाला युक्त्या सुचतात, चांगल्या सुचतातच असं नाही. त्याने उस्तादांची गिटार एका स्टँडवर ठेवली, तिच्यावर एक दिवा सोडला आणि शेजारी फुलदाणी ठेवली.

साडेसहाला पडदा उघडला. उस्ताद अकराव्या रांगेत, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला बायको, तिच्यापलीकडे दंतवैद्य. मुलीला त्यांनी "फळ्यांचा प्रश्न आहे" एवढंच सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली होती, आणि त्या "बरं"मुळे ते जास्तच खचले होते. इतक्यात गायक निवेदनाच्या माईकजवळ आला. त्याचा आवाज भावनेने भरून आला होता. खरा आवाज होता, एवढंच त्याचं वैशिष्ट्य.

"मित्रहो, ही गिटार ज्यांची, ते आमचे उस्ताद आज या मंचावर आपल्यात नाहीत..."

'या मंचावर' हे शब्द कोणी ऐकलेच नाहीत. सभागृहात चुकचुकल्याचा आवाज झाला. लोकांनी फुलदाणी पाहिली, दिवा पाहिला. पहिल्या रांगेतला एक वृद्ध उठून उभा राहिला. मग दुसरी रांग उठली, मग सगळं सभागृह. सगळे माना खाली घालून स्तब्ध उभे.

उस्तादही उभे राहिले. दुसरं काय करणार? सगळं सभागृह उभं असताना आपण एकटे बसलो तर मृताचा अपमान होईल. पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "फार कमी वय होतं म्हणे." तेवढ्याने उस्तादांना थोडं बरं वाटलं. बायकोने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मागच्या माणसाने तिला पाण्याची बाटली दिली. त्याला तो हुंदका वाटला, पण सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने उस्तादांना ते काय आहे हे कळत होतं.

मग विंगेत हिरवी झेंडी हलली, लोक खाली बसले आणि 'भिंती पाडा' सुरू झालं. ढोल्या हाणत होता. प्रोफेसर झुलत होते. बालवाडीच्या बाईंचा आवाज गायकाच्या तोंडातून छताला जाऊन भिडत होता. लोक खूश होते. आणि मग मधला तुकडा आला. स्टँडवरची गिटार गप्प उभी होती आणि पडद्यामागून लॉबीवाला वाजवत होता. बाविसाव्या वर्षी उस्तादांनी जसं वाजवलं होतं, तसंच. त्याहून बरं. उस्तादांची बोटं मांडीवर आपोआप चालू लागली आणि अनामिका अडकली. शेवट जवळ आला. आता तो सूर. सज्जन माणसाने तोही तसाच, भलतीकडे नेऊन आणला.

"चुकला!" दंतवैद्य मोठ्याने म्हणाले. "बघा, मागे माणूस ठेवून काही उपयोग नाही. हा गिटारवाला चुकला!"

उस्ताद ताडकन उठले.

"तो नाही चुकला!" ते ओरडले. "ती चूक माझी आहे! माझी!"

तीनशे माणसांनी वळून पाहिलं. पहिल्या रांगेतल्या वृद्धाने त्यांना ओळखलं आणि तो छातीवर हात ठेवून खुर्चीत मागे कलला. झेंडीवालीने गोंधळून दोन्ही झेंड्या एकदम दाखवल्या. दाराजवळचा रखवालदार टॉर्च घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, खाली बसा. कलाकारांना त्रास होतो."

उस्ताद बसले. कानशिलं तापली होती. मुलीने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"बाबा, चूक? तुम्ही तर म्हणायचात, ते मुद्दाम घेतलंय. बंड वगैरे."

उस्तादांनी अडकलेलं बोट दुसऱ्या हाताने ओढून सरळ केलं. टक् झालं.

"तार घसरली होती," ते म्हणाले. "स्टुडिओ तासाभरासाठीच मिळाला होता. परत घ्यायला वेळ नव्हता."

 मुलीने त्यांचं ते बोट आपल्या मुठीत धरलं.

"तेवढंच खरं वाटलं मला त्यातलं," ती म्हणाली.

पलीकडून दंतवैद्य बायकोला समजावत होते की आपल्याला तेव्हाच शंका आली होती. उस्तादांनी तिकडे लक्ष दिलं नाही. उरलेल्या तीन गाण्यांना त्यांनी मोकळ्या हाताने मांडीवर ताल धरला. तोही जरासा मागे पडत होता, पण अकराव्या रांगेत मोजायला कोणी येत नव्हतं.